सत्तरातून वीस

इंचभाऊंबरोबर मी सव्वीस वर्षं एका छपराखाली काम केलं आणि त्यातली पंचवीस तरी त्यांच्याशी भांडण्यात घालवली. शेवटच्या वर्षी भांडले नाही. भांडायला समोरचा माणूस जागेवर असावा लागतो.

आमचं खातं विमानातल्या खुर्च्यांचं. हँगरच्या, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या शेडच्या, मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. पत्र्याचं छप्पर, तीन शिलाई मशिनं, दोन लोखंडी बाकं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या. कुणाचं कापड फाटलेलं, कुणाची पाठ मागं जात नाही, कुणाच्या हातावर कुठल्या तरी कार्ट्यानं पेननं नकाशे काढलेले. कव्हरं आणि पट्टे शिवायचं काम माझं. खुर्ची काढायची, दुरुस्त करायची आणि होती तिथं परत बसवायची, हे काम इंचभाऊंचं. मला हँगरमध्ये सगळे सुई म्हणतात. कामावरून म्हणतात की तोंडावरून, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचं नाव इंचभाऊ पडलं ते टेपमुळं. काहीही विचारा, त्यांचा हात आधी खिशात जायचा. भाऊ, हे कपाट या दारातून जाईल का? टेप. भाऊ, ही खोली लहान वाटते ना हो? टेप. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, "आमचा पलंग भिंतीपासून किती इंच आहे ते हा माणूस झोपेत सांगेल. मी भिंतीकडं झोपते की दाराकडं, ते मात्र सांगता यायचं नाही." मी इतकी हसले होते की मशीन थांबवावं लागलं.

पण कामात माणूस सोन्यासारखा. विमानाच्या जमिनीत लांबचलांब रूळ असतात, त्यावर खुर्च्या सरकवून घट्ट बसवायच्या. दोन ओळींमध्ये एकतीस इंच म्हणजे एकतीस. एकदा एका नव्या इंजिनियरनं म्हटलं, अर्ध्या इंचानं काय बिघडतंय. इंचभाऊंनी त्याला खुर्चीत बसवलं, पुढची खुर्ची अर्धा इंच मागं आणली, आणि स्वतः बाजूला उभं राहून पेपर वाचायला लागले. अर्ध्या तासानं तो बिचारा गुडघे चोळत उठला. त्या दिवसापासून कुणी अर्ध्या इंचाचं नाव काढलं नाही.

त्यांना एकुलती एक लेक. ठकी. शाळेला सुट्टी असली की ती हँगरमध्ये यायची आणि भिंतीकडेच्या मोडक्या खुर्चीत बसून मला हुकूम सोडायची, "मॅडम, पाणी आणा. मॅडम, उशी आणा." मी म्हणायचे, आणते हं महाराणी, आधी पट्टा लावा. मोठी झाल्यावर ती स्वतःच पाणी आणून देणारी झाली, आमच्याच कंपनीत. सात वर्षं झाली होती तिला. आमची सगळ्यांत लहान विमानं सत्तर खुर्च्यांची, जवळच्या गावांना जाणारी. त्या विमानांवर दोन अटेंडंट असायच्या. एक पुढं, एक मागं. ठकी मागं. मागच्या दाराशी भिंतीला लागून एक घडीची खुर्ची असते, बसायचं असेल तेव्हा खाली ओढायची. क्रू-खुर्ची म्हणतात तिला. ती ठकीची जागा.

आणि प्रत्येक विमानात एक वही असते. आत काही बिघडलं की अटेंडंटनं त्यात लिहायचं, दुरुस्ती करणाऱ्यानं खाली उत्तर लिहून सही करायची. त्याशिवाय ती तक्रार बंद होत नाही. ठकीचं अक्षर दिसलं की इंचभाऊ चष्मा पुसून घ्यायचे. "बारा-ब ची पाठ सरळ होत नाही. पुढील ड्यूटीपूर्वी दुरुस्ती व्हावी." मग बाकीच्यांच्या तक्रारी रांगेत राहायच्या आणि ही त्याच दिवशी बंद व्हायची. मी चिडवायचे, "बाप-लेकीचं घरात बोलणं होत नाही वाटतं, इथं पत्रव्यवहार चाललाय." ते म्हणायचे, "घरी ती तोंडी तक्रारी करते, ताई. त्या बंद होत नाहीत."

तर हे असं चाललं होतं. मग कराराचं वर्ष आलं.

कंपनीला जवळच्या गावांची विमानं बाहेर द्यायची होती. म्हणजे रंग आमचा, तिकिटावर नाव आमचं, आणि आत माणसं कुठल्याशा छोट्या कंपनीची, कमी पगाराची, उद्या काढली तरी कुणी विचारणार नाही अशी. युनियननं सात जणांची कमिटी केली. वैमानिक, अटेंडंट, इंजिनियर, सामान चढवणारे. हँगरमधून कोण, असं विचारलं तेव्हा सगळे बुटांकडं बघायला लागले. इंचभाऊ तेव्हा बाकाखाली वाकून काहीतरी मोजत होते. ते उठेपर्यंत त्यांचं नाव लिहून झालं होतं.

बोलणी चालायची विमानतळाजवळच्या हॉटेलातल्या बैठकीच्या खोलीत. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्ये खोटी फुलं. आमच्या बाजूनं बोलायच्या कॅप्टनबाई, पंचवीस वर्षं विमान चालवलेल्या, शब्द मोजून टाकणाऱ्या. समोर कंपनीचा एक चष्मेवाला अधिकारी. आवाज कधी चढायचा नाही त्याचा. "आपण सगळे एकाच विमानात बसलोय," असं तो रोज म्हणायचा. इंचभाऊ मला सांगायचे आणि मी म्हणायचे, हो ना, फक्त दाराशी कोण उभं आहे ते बघा.

दहा महिने इंचभाऊ त्या खोलीत गप्प बसले. एकदाच बोलले, तेही पहिल्या आठवड्यात. म्हणाले, "त्यांच्या बाजूच्या खुर्च्या आपल्यापेक्षा दीड इंच उंच आहेत." सगळे हसले. त्यांनी टेप लावून दाखवला. खरंच दीड इंच! कॅप्टनबाईंनी तिथल्या तिथं बोलणी थांबवली आणि सारख्या खुर्च्या आल्याशिवाय बसणार नाही म्हणाल्या. हॉटेलवाले धावले. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या विमानतळावर पसरली. सामान चढवणारे इंचभाऊंना सलाम ठोकायला लागले. त्या आठवड्यात त्यांनी नवा शर्ट घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग गाडं अडलं ते एका मर्यादेवर. कंपनी म्हणाली, ठीक आहे, मोठी विमानं बाहेर देत नाही, पण अगदी लहान तरी देऊ द्या. लहान म्हणजे केवढं? कॅप्टनबाईंनी आकडा लिहिला होता तो वजनाचा. अमुक टनांवरचं विमान बाहेर जाणार नाही. त्यावर चष्मेवाल्यानं तीन आठवडे काढले. वजन रिकाम्याचं धरायचं की भरलेल्याचं, इंधन धरायचं की नाही, कारखान्याच्या कागदावरचं खरं की आपल्या काट्यावरचं. रोज नवा कागद, रोज नवा आकडा. आमची माणसं वैतागली होती. करार नसल्यानं वर्षभर सगळं टांगलेलं.

आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी इंचभाऊंनी हात वर केला.

"वजन कागदावर असतं," ते म्हणाले. "कागद कुणीही फिरवतो. खुर्च्या धरा ना. पन्नास खुर्च्या. त्याच्या वरचं विमान बाहेर जायचं नाही. दारात उभं राहून शाळेतलं पोरसुद्धा मोजेल, त्यात लबाडीला जागा नाही."

आमचं सगळ्यांत लहान विमान सत्तरचं. म्हणजे आमचं एकही विमान हलणार नव्हतं. कमिटीतल्या लोकांचे चेहरे उजळले. एकट्या कॅप्टनबाई म्हणाल्या, "विमान लहान करता येत नाही, भाऊ. खुर्च्या कमी करता येतात."

यावर इंचभाऊ हसले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना जे तोंड झालं होतं ते देवानं मला परत दाखवू नये. ते म्हणाले होते, "मॅडम, सव्वीस वर्षं मी हेच करतोय. मी आलो तेव्हा दोन ओळींत चौतीस इंच होते. मग तेहेतीस केले, बत्तीस केले, आता एकतीस. दर वेळी वरून हुकूम आला तो खुर्च्या वाढवायचा. खुर्च्या काढून विमान उडवणारी कंपनी अजून जन्माला यायची आहे."

आणि त्यात खोटं काय होतं? आम्ही काढलेली प्रत्येक खुर्ची परत बसवलेली होती. दुरुस्तीसाठी निघायची, दुरुस्त होऊन जायची. त्या अख्ख्या खोलीत खुर्ची किती सहज निघते हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्याच्याच डोक्यात ती कायमची निघू शकते हे आलं नाही.

चष्मेवाल्यानं विचार करायला दहा मिनिटं मागितली. चार मिनिटांत परत आला. "मान्य," म्हणाला.

चार मिनिटं! अहो, भाजीवालासुद्धा इतक्या लवकर मान्य करत नाही. पण तेव्हा आम्हाला कुणालाच ते खटकलं नाही. इंचभाऊंना लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मीसुद्धा मतदानाला गेले आणि हो वर शिक्का मारला. दोन कप चहा पाजला त्यांना, माझ्या हातानं.

त्याच आठवड्यात ठकीच्या हातात एक पत्र होतं. एका शाळेच्या ऑफिसात तिला नोकरी मिळत होती. पक्की, घराजवळ, रोज संध्याकाळी घरी. बाहेर विमानं द्यायच्या बातम्यांनी घाबरून तिनं अर्ज केला होता. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिनं बापाला विचारलं, "बाबा, काय करू? खरं सांगा. माझी विमानं राहतील ना?"

इंचभाऊ म्हणाले, "पन्नासच्या वरचं एकही विमान जायचं नाही. मी स्वतः मोजून घेतलंय. तू निर्धास्त राहा."

तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून नकार लिहिला. पाकिटावर तिकीट इंचभाऊंनी चिकटवलं, कडेला समांतर.

आठ महिने गेले. मग एका सोमवारी सकाळी सुपरवायझर कामाचा कागद घेऊन खोलीत आला. नेहमी दारातूनच ओरडणारा माणूस, त्या दिवशी आत येऊन उभा राहिला. कागद बाकावर ठेवला आणि म्हणाला, "वरून आलंय." आणि गेला.

मी मशिनीवर होते. इंचभाऊंनी कागद वाचला. परत वाचला. मग टेप काढला, बाकावर ठेवला, आणि तसेच बसले. मी म्हटलं, "काय हो, काय लिहिलंय, तुमची बदली झाली का?" मी उठून कागद घेतला. सत्तर खुर्च्यांच्या विमानातून पाच ओळी काढणे. एका ओळीत चार. त्या जागी सामानाची कपाटं बसवणे. उरलेल्या ओळी पुढेमागे सरकवून अंतर वाढवणे. मागची क्रू-खुर्ची काढणे. अशी अकरा विमानं.

पाच चोक वीस. सत्तरातून वीस गेल्या.

मला कळायला एवढा वेळ लागला की मी बोटांवर मोजलं. विमान तेच, पंख तेच, इंजिनं तीच. आता ते पन्नासचं होतं आणि करारात बसत होतं. आणि क्रू-खुर्ची का, तर दर पन्नास प्रवाशांमागे एक अटेंडंट असा नियमच आहे. सत्तरला दोन लागायच्या. पन्नासला एक पुरते. पुढची राहिली, मागची गेली.

"मेल्यांनो," मी म्हटलं, आणि आणखीही बरंच म्हटलं, ते इथं लिहीत नाही. इंचभाऊ एवढंच बोलले, "कॅप्टन मॅडमनी सांगितलं होतं."

कॅप्टनबाई लढल्या. 'मी सांगत होते ना' असं एक अवाक्षर त्यांनी आमच्यापुढं काढलं नाही. वकील केला, लवादापुढं गेल्या. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या भुवयांचा, कानानं जरा कमी. इंचभाऊंना साक्षीला बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले होते. त्यानं विचारलं, "मर्यादा खुर्च्यांमध्ये असावी, ही सूचना कोणाची?"

"माझी."

"जरा मोठ्यानं बोला."

"माझी, साहेब. माझी."

"आणि वजनाची सूचना नको असं कोणी म्हटलं?"

इंचभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होते? मग ते म्हणाले, "मीच." चष्मेवाला समोर खाली मान घालून काहीतरी लिहीत होता. निकाल तीन पानांचा होता, पण त्यात सांगण्यासारखं एकच वाक्य. करार स्पष्ट आहे, खुर्च्या पन्नास आहेत.

घरी वहिनी जे बोलल्या ते मला ठकीनं सांगितलं. "तुम्ही तोंड उघडलंतच कशाला? दहा महिने गप्प होतात ना? अजून एक दिवस गप्प बसवलं नाही?" बाई तोडून बोलणारी नाही हो. पण लेकीच्या पोटावर पाय आला की कोण तोलून बोलतं? इंचभाऊ त्यावर उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवसापासून ते तिथंच जेवायला लागले, ताट मांडीवर घेऊन.

यादी लागली. एक विमान बाहेर गेलं की अटेंडंटच्या यादीतले तळाचे आठ जण घरी. छोट्या कंपनीनं आपली माणसं आधीच भरून ठेवली होती, तिला आमची नको होती. ठकी खालून त्रेपन्नावी. इंचभाऊंनी कागदावर काही लिहिलं नाही, पण मला माहीत आहे त्यांनी पहिल्याच मिनिटाला मोजलं. सहा आठे अठ्ठेचाळीस, साती आठे छप्पन्न. सहा विमानांपर्यंत ती राहत होती. सातव्याबरोबर जात होती.

मी म्हटलं, "नाही म्हणा. हात लावू नका. आजारी पडा."

"मग बाहेरचे ठेकेदार येतील," ते म्हणाले. "रुळांची वाट लावतील."

"लावू दे! तुमचे आहेत का रूळ?"

त्यावर ते माझ्याकडं असं बघत राहिले की मी काहीतरी परक्या भाषेत बोलले. आणि कामाला लागले. पहिलं विमान पाच दिवसांत झालं. दुसरं चार. हात बसला की काम भरभर होतं, हे त्यांचं दुर्दैव. खुर्च्या काढल्या की खाली काय काय सापडतं. पेनं, लहान मुलाचा एक मोजा, कानातलं, कुणाचं तरी अर्धं लिहिलेलं पत्र. ते सगळं एका डब्यात जातं. इंचभाऊ आधी प्रत्येक वस्तू उजेडात धरून बघायचे, कुणाची असेल यावर आमची पैज लागायची. आता ते न बघता डब्यात टाकायचे.

काढलेल्या प्रत्येक खुर्चीला मात्र ते चिठ्ठी बांधायचे. विमानाचा नंबर, ओळीचा नंबर, डावी की उजवी. आणि मला म्हणायचे, "ताई, हिचं कव्हर उसवलंय तेवढं शिवून ठेवा." मी शिवायचे. कशाला शिवायचं, हे मी विचारलं नाही. त्यांना वाटत होतं परत लागतील. सहाव्या विमानाच्या वेळी भंगारवाल्याची गाडी मागच्या दाराला लागली, आणि चिठ्ठ्यांसकट शंभर खुर्च्या घेऊन गेली. माझी कव्हरंसुद्धा गेली, धुऊन, शिवून, इस्त्री करून दिलेली. इंचभाऊ दारात उभे राहून गाडीत चढणाऱ्या खुर्च्या मोजत होते. भंगारवाला म्हणाला, "बरोबर आहेत ना, साहेब?" ते म्हणाले, "बरोबर आहेत."

आणि माझा दीर त्याच महिन्यात त्या नव्या विमानानं प्रवास करून आला. म्हणाला, "वहिनी, काय ऐसपैस केलंय हो तुमच्या लोकांनी! पाय पसरून बसलो." मी त्याला चहा दिला नाही. बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही का दिला नाही.

सातवं विमान यायच्या आदल्या आठवड्यात मी गयावया केली. होय, मी. "भाऊ, रुळाला गंज लागलाय असं लिहा. तपासणी होईल, पंधरा दिवस जातील. पंधरा दिवसांत काही तरी होतं हो, माणसं विचार बदलतात, वरचे साहेब बदलतात. तेवढं लिहा." त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "लागलेला नाही, ताई."

मी संतापानं मशीन बंद करून बाहेर गेले. आज वाटतं, त्यांनी एवढं एक खोटं लिहिलं असतं तर मी त्यांना ओळखलंच नसतं. पण त्या दिवशी वाटलं, काय करायचाय असला खरेपणा, लेकीच्या कामाला येत नाही तो.

ठकी त्याआधी शाळेत जाऊन आली होती. ती जागा भरली होती, अर्थातच. तिथल्या बाईंनी गोड बोलून तिचा नंबर लिहून घेतला. तिथून ती थेट हँगरमध्ये आली, माझ्यासमोर त्याच भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. इंचभाऊ बाकाशी पाठमोरे उभे होते, वळले नाहीत. ती म्हणाली, "बाबा, घरी आत बसून जेवा ना. आई रडते." त्यांनी पाना पुसायला घेतला. "तुमचं मोजणं चुकलं नव्हतं, बाबा." ते पाना पुसतच राहिले. शेवटी ती उठली, त्यांच्या शर्टाची मागची कॉलर नीट केली आणि गेली. तिनं ओरडायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर पत्रा उडाला असता. तिनं ओरडून घेतलं असतं तर तो माणूस आतून वाचला असता, असं मला आजही वाटतं.

तिची शेवटची ड्यूटी त्याच सातव्या विमानावर लागली. सकाळी उतरलं, दुपारी ओढून हँगरमध्ये आणलं. इंचभाऊ आणि मी आत शिरलो. पाच ओळी काढायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी कागदावरचं काढायचं असं एकच उरलं, मागची क्रू-खुर्ची. चार बोल्ट. पंधरा मिनिटांचं काम.

काम सुरू करायच्या आधी वही बघायची असते. ती या वेळी चौथ्या दिवसापर्यंत इंचभाऊंनी उघडली नव्हती, आणि मीही उघडली नव्हती. त्यांनी उघडली. शेवटच्या पानावर ठकीचं अक्षर होतं, शेवटच्या ड्यूटीच्या तारखेचं.

"मागच्या क्रू-खुर्चीचा पट्टा ओढताना अडकतो. पुढील ड्यूटीपूर्वी दुरुस्ती व्हावी."

नेहमीचं वाक्य. सात वर्षं लिहून लिहून हाताला लागलेलं. लिहिताना तिच्या मनात काही आलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी नंतरही तिला विचारलं नाही, धीर झाला नाही.

सुपरवायझर दारातून डोकावला. त्यानंही वाचलं. खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, लिहून टाका, खुर्ची काढली, तक्रार बंद. चालतं तसं." आणि खरंच चालतं. खुर्चीच राहणार नाही तर पट्ट्याचं काय?

इंचभाऊंनी चष्मा पुसला. मग गुडघ्यावर बसले आणि पट्ट्याची गुंडाळी उघडली. आतली स्प्रिंग एका बाजूला सरकली होती. ती काढली, पुसली, परत घातली. पट्ट्याचं टोक विरलं होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, शिलाई." मी खोलीत जाऊन मशिनीवर चार पदरी टाके घालून आणले. दोनदा उसवून परत घातले. वाकडी शिलाई त्यांनी परत केली असती.

पट्टा लावून झाल्यावर त्यांनी ती खुर्ची खाली ओढली आणि तीत बसले. सव्वीस वर्षांत या माणसाला मी विमानात बसलेलं पाहिलं नव्हतं. समोर पाच ओळींची जागा रिकामी, नुसते रूळ. त्यांनी पट्टा खांद्यावरून घेतला, अडकवला, सोडला. परत घेतला. दहा वेळा. मी मोजत होते, तेही मोजत असणार.

"आता अडकत नाही," ते म्हणाले.

मग त्यांना रडू आलं. आवाज न करता, दोन्ही हात पट्ट्यावर तसेच ठेवून. मी खाली रुळावर बसले.  माझ्या तोंडाला येणारं एकही वाक्य तिथं कामाचं नव्हतं.

थोड्या वेळानं ते उठले, वहीत लिहिलं, "पट्टा दुरुस्त केला. दहा वेळा ओढून पाहिला," आणि सही केली. पट्ट्याच्या कामाला दुसरी सही लागते. ती मी केली. मग त्यांनी पाना घेतला आणि चारही बोल्ट काढले. खुर्ची आम्ही दोघांनी धरून खाली आणली आणि मागच्या दाराशी, भंगाराच्या ढिगात, घडी घालून ठेवली.